डायलिसिस लागणार म्हणतायत? मानेत नळी घालायची वेळ येण्याआधी हे करून ठेवा

किडनी निकामी होत चालली आहे हे कळल्यापासून प्रत्यक्ष डायलिसिस लागेपर्यंत मला जवळपास दीड वर्ष मिळालं होतं. तेवढ्यात मी पथ्य पाळलं, गोळ्या घेतल्या आणि डॉक्टर "फिस्टुला करून घेऊ या" म्हणाले की दरवेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून उठून आले. फिस्टुला म्हणजे मशीनच्या सुया घालता याव्यात म्हणून हातातली धमनी शिरेला जोडणं. तो करून घेतला म्हणजे डायलिसिस लागणारच हे कबूल केल्यासारखं वाटायचं. मग एका रात्री आडवं झाल्यावर श्वास पुरेना. फुफ्फुसांत पाणी झालं होतं. दीड वाजता मानेच्या शिरेत नळी घालून मला मशीनला लावलं. कुठलं डायलिसिस, कुठे, कशा मार्गाने, यातलं मला कुणी काही विचारलं नाही, आणि त्या अवस्थेत विचारण्यात अर्थही नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं मशीनवर काढली, मग तीन वर्षं पोटाचं डायलिसिस केलं, आता परत मशीनवर आहे. दोन्ही जवळून पाहिली आहेत, त्यामुळे कुठल्याच एकीची बाजू घेऊन लिहीत नाही. तुमच्याकडे अजून वेळ असेल तर तो कसा वापरायचा, एवढंच सांगायचं आहे. औषधांचे डोस आणि तुमच्यापुरते आकडे तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टरच ठरवतील.

1. क्रिएटिनिन सोडा, जीएफआर विचारा

आपण सगळे क्रिएटिनिनवरून, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या एका घाणीच्या रक्तातल्या आकड्यावरून बोलतो. "त्यांचं आठ होतं तरी चालत होते, माझं पाचला कसं लागतंय?" या तुलनेत अर्थ नाही, कारण क्रिएटिनिन वय, बांधा आणि स्नायूंवर अवलंबून असतं. रिपोर्टवर ईजीएफआर नावाचा आकडा असतो, म्हणजे किडन्या मिनिटाला किती मिली रक्त गाळतात (जीएफआर) याचा अंदाज, तो बघा. 15 च्या खाली गेला की आजाराचा पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा.

15 च्या खाली गेलं म्हणजे उद्या डायलिसिस, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये यावर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. जीएफआर 10 ते 14 असताना लवकर सुरू करायचं ठरवलेला गट आणि 5 ते 7 पर्यंत थांबायचं ठरवलेला गट, दोघांच्या जगण्यात फरक दिसला नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी लक्षणं बघून ठरवतात: मळमळ, अन्नावरची वासना जाणं, अंगाला सतत खाज, औषधांनीही न उतरणारी सूज, धाप, वाढलेलं पोटॅशियम.

थांबता येतं ते डायलिसिससाठी. तयारीसाठी थांबू नका. जीएफआर 20 च्या आसपास आला की पुढच्या सगळ्या पायऱ्या सुरू करा.

2. आजपासून एक हात राखून ठेवा

हे पद्धत ठरवायच्याही आधी. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा म्हणजे तुमची ठेव आहे. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. रक्त काढायचंच तर दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मागच्या बाजूने काढा म्हणून सांगा. दवाखान्यात दाखल झालात की प्रत्येक पाळीतल्या नव्या माणसाला हे नव्याने सांगावं लागतं. संकोच करू नका. माझी एक चांगली शीर अशाच एका सलाईनमध्ये गेली, आणि "हा हात नको" एवढे तीन शब्द मी बोलले नव्हते.

3. डायलिसिस हीच एक वाट नाही, चार आहेत

किडनी प्रत्यारोपण, मशीनवरचं डायलिसिस म्हणजे हिमोडायलिसिस, पोटाचं डायलिसिस, आणि डायलिसिस न करता लक्षणांवर उपचार घेत राहणं.

प्रत्यारोपणाचा विषय डायलिसिसनंतर काढायचा असतो असा एक गैरसमज आहे. जवळचं कुणी द्यायला तयार असेल, तपासण्या जुळल्या आणि प्रकृती साथ देत असेल, तर डायलिसिस न लागताच प्रत्यारोपण होऊ शकतं. दात्याच्या तपासण्यांना काही महिने जातात, म्हणून विचारायची वेळ आत्ताची. आणि प्रत्यारोपणाचा थोडा जरी विचार असेल तर रक्त चढवण्याआधी "टाळता येईल का?" हे जरूर विचारा. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात आणि मग पुढे किडनी जुळणं अवघड होतं.

चौथी वाट कुणी बोलून दाखवत नाही. वय खूप झालेलं, हृदय थकलेलं, सोबत आणखी चार आजार, अशा माणसाला डायलिसिसने दिवस फारसे वाढत नाहीत आणि उरलेले बरेच दिवस दवाखान्यात जातात, असं होऊ शकतं. औषधांनी धाप, खाज, मळमळ, वेदना आटोक्यात ठेवून घरी राहणं हाही उपचारच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ठरवत असाल तर त्यांना स्वतःला काय हवंय ते त्यांच्या तोंडून ऐका.

4. मशीनवर नक्की काय होतं

नळीतून रक्त बाहेर येतं, डायलायझर नावाच्या नळकांड्यातल्या हजारो केसासारख्या पोकळ तंतूंमधून जातं आणि परत अंगात येतं. तंतूंच्या बाहेरून शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रावण उलट दिशेने वाहतं. घाण रक्तातून द्रावणात उतरते, जास्तीचं पाणी दाबाने काढलं जातं. द्रावण मिनिटाला 500 मिली धरलं तर चार तासांत 120 लिटर होतं. रक्त मात्र एका वेळी पाव लिटरच्या आसपासच बाहेर असतं. पहिल्यांदा त्या लाल नळ्या बघून "सगळं रक्त काढलं" असं वाटतं, तसं नसतं.

साधारण आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. "एवढ्या वेळेस तीन तासांत सोडा" असं म्हणायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण आठवड्याचे तास 168, त्यातले 12 मशीन काम करते, तुमची किडनी अहोरात्र करत होती. त्यातून आणखी एक तास काढला तर काय उरतं? डायलिसिस पुरेसं होतंय का हे रक्तातला युरिया (किडनी बाहेर टाकते ती एक घाण) किती टक्के उतरला यावरून कळतं, एका वेळेस किमान 65 टक्के उतरायला हवा. तुमचा आकडा महिन्याला विचारत जा. मी पहिले आठ महिने विचारलाच नव्हता.

पहिली एक-दोन सेशन मुद्दाम छोटी, दोन-तीन तासांची ठेवतात. युरिया एकदम उतरवला तर मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, उलटी, गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे "आज दोनच तास का?" म्हणून घाबरू नका.

यंत्र घरी बसवूनही हिमोडायलिसिस करता येतं. त्याला प्रशिक्षण, पाणी शुद्ध करण्याची सोय आणि बहुधा सोबत एक माणूस लागतो. तुमच्या केंद्रात ही सोय आहे का विचारा. असेल तर आठवड्याचे तास वाढवता येतात, आणि तोच त्यातला खरा फायदा.

5. रक्ताला वाट कुठून: फिस्टुला, ग्राफ्ट की नळी

या पायरीवर जरा थांबा. मशीनपेक्षा ही महत्त्वाची आहे.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये पहिलं चालणारं डायलिसिस यंत्र बनवलं, तरी कायमची किडनी गेलेल्यांना पुढची सतरा वर्षं त्याचा उपयोग नव्हता. कारण दरवेळी नवी धमनी, नवी शीर कापावी लागायची आणि थोड्याच दिवसांत जागा संपायच्या. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली, तेव्हा वर्षानुवर्षं डायलिसिस शक्य झालं. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळची धमनी थेट शिरेला जोडून दाखवली. तोच आजचा फिस्टुला. म्हणजे अडचण रक्त साफ करण्याची कमी आणि रक्तापर्यंत पुनःपुन्हा पोचण्याची जास्त होती. आजही तसंच आहे.

फिस्टुलात धमनीचं जोरदार रक्त शिरेत जातं, शीर जाड आणि रुंद होते आणि मग तिच्यात सुया घालता येतात. पण ती तयार व्हायला निदान सहा ते आठ आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. काहींचा पहिला फिस्टुला चालतच नाही, दुसरा करावा लागतो. म्हणून सहा महिने आधी करा असं सांगतात. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

शिरा अगदीच बारीक असतील तर मधे कृत्रिम नळीचा तुकडा बसवतात, तो ग्राफ्ट. दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण गुठळी आणि जंतुसंसर्ग फिस्टुलापेक्षा जास्त.

आणि मानेतली नळी म्हणजे कॅथेटर. लगेच वापरता येते, सुया टोचायच्या नाहीत, त्यामुळे अनेकांना तीच बरी वाटते. हा सापळा आहे. थेट रक्तात जाणारी ती उघडी वाट असते, संसर्गाचा सगळ्यात मोठा धोका तिच्यातच. कातडीखालून बोगदा करून बसवलेली नळी तात्पुरत्या नळीपेक्षा सुरक्षित, तरी फिस्टुला तयार होईपर्यंतचाच आधार म्हणून तिच्याकडे बघा. नळी असताना ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, आणि डायलिसिसच्या कर्मचाऱ्यांशिवाय कुणाला तिच्यातून रक्त काढू किंवा औषध देऊ द्यायचं नाही.

फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी उठल्या उठल्या त्यावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करा. गुठळी लवकर काढली तर फिस्टुला वाचू शकतो. त्या हातावर झोपायचं नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, जड पिशवी त्या हातात अडकवायची नाही.

6. पोटाचं डायलिसिस

पोटाच्या आत आतड्यांवर जे पातळ आवरण असतं तेच इथे गाळणीचं काम करतं. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, मग ते बाहेर काढून नवीन भरायचं. हाताने करायच्या प्रकारात दिवसाला चार बदल, प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या प्रकारात सायकलर नावाचं यंत्र रात्री झोपेत आठ-दहा तास हेच काम करतं.

सुया नाहीत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी, पाणी हळूहळू निघतं म्हणून मशीननंतरचा तो गळून गेल्यासारखा थकवा नाही. उरलीसुरली लघवी यात जास्त काळ टिकते, आणि ती टिकणं फार मोलाचं आहे. नोकरी, शाळा, शेती करणाऱ्याला किंवा केंद्रापासून लांब राहणाऱ्याला हे जमू शकतं.

आता दुसरी बाजू, जी मला माहितीपत्रकात सापडली नव्हती. दिवसाला आठ लिटर म्हणजे महिन्याला जवळपास 240 किलोच्या पिशव्या. त्या ठेवायला कोरडी जागा लागते आणि उचलायला माणूस. पाणी ओढण्यासाठी द्रावणात साखर असते, ती अंगात मुरते, वजन वाढतं, मधुमेह असेल तर इन्शुलिन बदलावं लागतं. द्रावणाबरोबर रोज प्रथिनं बाहेर जातात, म्हणून मशीनवाल्यांपेक्षा जास्त प्रथिनं खावी लागतात. सुट्टी नाही. आणि बद्धकोष्ठता झाली की नळीतून पाणी निघत नाही! मी पहिल्यांदा नळी बंद पडली म्हणून धावत गेले होते, निघालं ते पोट साफ नसणं. तेव्हापासून रेचक घरात कायम.

खरी भीती एकच, पोटात जंतू जाण्याची. निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवा, अक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत. पाणी गढूळ दिसलं तर ती पिशवी सोबत घेऊन लगेच केंद्र गाठा, सकाळपर्यंत थांबू नका. बदल करताना खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात नीट धुऊन पुसून कोरडे, मधे फोन घ्यायचा नाही. मी तीन वर्षांत दोनदा घाईत चुकले आणि दुसऱ्या वेळी नळी काढावी लागली.

मधुमेहींसाठी एक धोका वेगळा सांगते. आयकोडेक्स्ट्रिन (पाणी ओढण्यासाठी साध्या साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) असलेलं द्रावण वापरत असाल तर काही ग्लुकोमीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. त्यावर विसंबून इन्शुलिन वाढवलं तर जीवावर बेतेल. तुमचं मीटर या द्रावणाबरोबर चालतं का, हे केंद्रात विचारूनच घ्या.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया होऊन आत चिकटलेलं असेल किंवा दुरुस्त न केलेला हर्निया असेल तर ही पद्धत जमेलच असं नाही. नळी बसवल्यावरही साधारण दोन आठवडे जखम भरू देतात.

7. निवड करायला बसताना

नुसते तास मोजले तर फसाल. मशीनचे आठवड्याला बारा, हाताने करायच्या पोटाच्या डायलिसिसचे सोळाच्या आसपास. पण मशीनच्या बारा तासांना जाणं-येणं, वाट पाहणं आणि नंतर आडवं पडणं जोडा, तीन अख्खे दिवस होतात. पोटाचे सोळा तास घरातच, तुकड्या-तुकड्यांत, पण रोज. त्यामुळे एका कागदावर तुमचा नेहमीचा आठवडा लिहा, त्यावर दोन्ही पद्धती मांडा आणि कुठली कमी टोचते ते बघा. मग डॉक्टरांना हे विचारा:

- माझ्या पोटाची, शिरांची आणि हृदयाची स्थिती बघता कुठली पद्धत नकोच आहे का?
- तुमच्या केंद्रात दोन्ही पद्धती होतात का? (जिथे एकच होते तिथे तीच सुचवली जाण्याचा संभव असतो. वाईट हेतूनेच असं नाही.)
- रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?
- प्रत्यारोपणाच्या यादीत नाव कधी जाऊ शकतं?

शक्य असेल तर दोन्ही पद्धतींवर असलेल्या एकेका माणसाशी बोला. खुर्चीवरच्या माणसाकडून अर्ध्या तासात जे कळतं ते पुस्तिकेत नसतं.

8. फाईल आणि पिशवी

फाईलमध्ये:

- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट (तातडीची वेळ सोडली तर यांच्याशिवाय केंद्रं सहसा मशीनवर घेत नाहीत)
- हिपॅटायटिस बी लसीच्या नोंदी. किडनीच्या रुग्णांना ही दुप्पट मात्रेत देतात आणि पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात, त्यामुळे लवकर सुरू करा
- इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ईसीजी, रक्तगट
- चालू औषधांची यादी आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते
- ओळखपत्र, विम्याचे कागद
- डायलिसिस सुरू झाल्यावर: ड्राय वेट (अर्थ पुढच्या मुद्द्यात), डायलायझरचा प्रकार, हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा डोस लिहिलेला कागद. परगावी डायलिसिस घ्यायचं तर हाच आधी मागतात.

घरात वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि मापाचा पेला हवाच. केंद्रात नेताना सैल बाह्यांचा कपडा आणि एक पांघरूण घ्या. तिथे थंडी वाजते, कुणी आधी सांगत नाही.

9. नवीन माणूस हमखास चुकतो त्या जागा

*पाणी.* अंगात साठलेलं एक लिटर पाणी म्हणजे वजनकाट्यावर एक किलो. अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन येतं ते ड्राय वेट. पाणी काढण्याचा वेग दर किलो वजनाला तासाला 13 मिलीच्या आत ठेवणं बरं मानतात. 60 किलोच्या माणसाला चार तासांत हे सुमारे तीन लिटर होतं. तुम्ही पाच लिटर घेऊन गेलात तर पायात गोळे येणार, बीपी पडणार, घरी येऊन दिवसभर झोपणार आणि दोष मशीनला देणार. पाणी कमी करण्याचा खरा उपाय मीठ कमी करण्यात आहे. खारट खाऊन तहान मारता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

*लो सोडियम मीठ.* बीपीसाठी चांगलं म्हणून आपण विकत आणतो. त्यात सोडियमच्या काही भागाच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी निकामी झालेल्या माणसाला ते थेट हृदय थांबवण्यापर्यंत नेऊ शकतं. कमरख (स्टार फ्रूट) हे फळही पूर्ण वर्ज्य, त्यातलं विष मेंदूवर जातं.

*दोन दिवसांची सुट्टी.* आठवड्यात तीन सेशनमध्ये एकदा दोन दिवसांची फट पडते. पाणी आणि पोटॅशियम त्याच फटीत सगळ्यात जास्त चढतं, आणि हृदयाचे झटकेही त्यानंतर जास्त येतात. त्या दोन दिवसांत पथ्य सैल करू नका आणि त्यानंतरचं सेशन कधीही बुडवू नका.

*गोळ्यांची वेळ.* बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नंतर, हे विचारून लिहून घ्या. काही औषधं मशीनमध्ये धुऊन जातात, ती नंतर घ्यावी लागतात. फॉस्फरस कमी करणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती वाया जाते. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका, उरलीसुरली लघवी तिने जाऊ शकते.

*दुसरे डॉक्टर.* दात काढायचा असो की डोळ्याचं ऑपरेशन, आधी सांगा की मी डायलिसिसवर आहे आणि मला हेपॅरिन देतात.

10. लगेच फोन करायची वेळ

फिस्टुलाची थरथर बंद. फिस्टुलातून रक्त थांबत नाही (बोटाने घट्ट दाबून धरा आणि तसेच निघा). नळी असताना थंडी वाजून ताप. पोटाच्या डायलिसिसमध्ये गढूळ पाणी किंवा पोटदुखी. आडवं झाल्यावर धाप. पायातली ताकद अचानक गेली किंवा छातीत धडधड अनियमित झाली, तर पोटॅशियम चढलेलं असू शकतं, वाट बघू नका.

ही यादी मोठ्या अक्षरात लिहून, खाली केंद्राचा रात्रीचा नंबर घालून दाराच्या आत चिकटवा. रात्री दीडला तुम्ही बोलायच्या स्थितीत असालच असं नाही, घरातल्या कुणाला तरी ती वाचता आली पाहिजे.

11. पद्धत बदलावी लागली तर

ते अपयश नाही. पोटाचं आवरण काही वर्षांनी पाणी नीट ओढेनासं होतं, फिस्टुला बंद पडतात, माणसाचं वय आणि घरातली परिस्थिती बदलते. पोटाच्या डायलिसिसवर असतानाही हात राखून ठेवा. माझी पोटाची नळी काढली तेव्हा पहिल्या दोन वर्षांतला फिस्टुला अजून चालू होता, तीन वर्षं रोज सकाळी त्यावर बोटं ठेवत आले होते. या वेळी मानेत नळी घालावी लागली नाही.